द्राक्षाच्या कंटेनरमधला सेन्सर आणि ब्लॉकचेन: सेवा विकायची कुणाला? (प्रकल्प नोंदी)

१९ ऑगस्ट २०२४

शीतगृह, ट्रक किंवा कंटेनरमधल्या सेन्सरची नोंद मागाहून कुणालाही, सेवा देणाऱ्यालासुद्धा, बदलता येऊ नये, यासाठी ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर प्रती असलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदींची साखळी) वापरायची, असं हे काम आहे. तंत्र बऱ्यापैकी हाताशी आहे. पैसे देणारा ठरलेला नाही. म्हणून हार्डवेअरला हात लावण्याआधी गिऱ्हाईक शोधायचं.

चाळणी तीन प्रश्नांची. यंत्राचा मालक आणि नोंद वाचणारा वेगळे आहेत का? नोंदीवरून पैशाचा वाद होतो का? दोघांनाही मान्य असा तिसरा कुणी आधीच बसलेला आहे का? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ आलं तरच पुढे जायचं. यंत्र, नोंद आणि निर्णय एकाच्याच हातात असेल तर साधा डेटाबेस आणि रोजचा बॅकअप पुरतो. तिथे ब्लॉकचेन विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा वाया घालवणं.

यादीत सध्या लसींचा साठा, बेदाण्याची शीतगृहं, दूध संकलन, द्राक्ष निर्यात आणि मालाचा विमा.

२६ ऑगस्ट

लस वगळली. सरकारी लसीकरणातल्या साठ्याच्या आणि तापमानाच्या नोंदी ई-विन या प्रणालीत जातात. यंत्र सरकारचं, नोंद सरकारची, निर्णयही सरकारचा. पहिल्याच प्रश्नावर विषय संपला.

बेदाणाही वगळला. तासगाव-सांगलीकडच्या शीतगृहांत माल एकाचा, गोदाम दुसऱ्याचं आणि तारणावर कर्ज बँकेचं, त्यामुळे सुरुवातीला जागा योग्य वाटली. पण बँकेचा प्रश्न तापमानाचा नाही. तेवढी पेटी, त्याच प्रतीची, खरंच आत आहे का, एवढंच तिला हवं असतं, आणि ते तापमापक सांगू शकत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीसाठी नियामकाने मान्यता दिलेल्या नोंदसंस्था आहेत. तिसरा माणूस आधीच हजर आहे.

९ सप्टेंबर

दुधावर जास्त वेळ गेला, कारण तिथला अविश्वास खरा आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून निघतो आणि पॉइंट खाली आला की पैसे कापले जातात. मशीन संकलन केंद्राचं, पावती केंद्राची, संशय शेतकऱ्याचा. पहिले दोन प्रश्न सुटतात.

अडतं ते दोन ठिकाणी. ज्याला संशय आहे त्याच्याकडे दिवसाला दहा-वीस लिटर दूध असतं. तो महिन्याची वर्गणी देणार नाही, आणि द्यायला लावणं योग्यही नाही. ज्याचं मशीन आहे त्याला खर्च करायचं कारण नाही.

दुसरी अडचण मुळातली आहे. वाद नोंद नंतर बदलल्याचा नसतो. नमुना नीट ढवळला का, मशीन स्वच्छ होतं का, कॅलिब्रेशन कधी झालं, काटा शून्यावर होता का, यावर वाद असतो. चुकीचा काटा ब्लॉकचेनला जोडला तर चुकीचं वजन कायमचं जपलं जाईल, शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवं आहे ते सगळ्यांसमोर प्रमाणित वजन ठेवून काटा तपासणं. दूध वगळलं.

२३ सप्टेंबर

द्राक्ष. नाशिक जिल्ह्यातला माल, पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यातून न्हावाशेवा आणि तिथून रॉटरडॅमकडे.

आधी काय आहे ते तपासलं. बागेची नोंदणी, कीडनाशकांचे अंश, प्रयोगशाळेचे अहवाल हे सगळं अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर २००६ पासून आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या अंशावरून युरोपात कंटेनर अडकले, त्यानंतर त्या बाजूची शिस्त आणखी घट्ट झाली. ते पुन्हा बांधायचं कारण नाही. ‘शेतापासून ताटापर्यंत’ असं काही विकायला जाऊ नये, निर्यातदार पहिल्याच मिनिटाला विचारतो की ग्रेपनेट आहे ना.

मोकळी जागा आहे ती पॅकहाऊसच्या दारापासून आयातदाराच्या शीतगृहापर्यंतची. प्रीकूलिंगमध्ये (कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करताना) गराचं तापमान ४ अंशांखाली आणायचं, मग कंटेनरमध्ये शून्याच्या आसपास, बहुधा उणे अर्ध्यावर, ठेवायचं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. तिकडे क्यूसी (दर्जा तपासणीचा) रिपोर्ट येतो: देठ सुकलेत, मणीगळ आहे, बुरशी आहे. बराचसा माल आयातदाराने कबूल केलेल्या किमान हमी भावावर गेलेला असतो, अंतिम हिशेब पोचल्यावर होतो. म्हणजे माल एका देशात, तपासणी दुसऱ्या देशात आणि कापलेले पैसे निर्यातदाराचे.

डेटा लॉगर (तापमान टिपणारं छोटं यंत्र) आजही बहुतेक कंटेनरमध्ये टाकतात. तो उघडतो आयातदाराच्या गोदामात, वाचतो आयातदार, आणि पीडीएफ पाठवतोही तोच. कधी लॉगर सापडतच नाही. तिन्ही प्रश्न इथे पार होतात.

७ ऑक्टोबर

विमा आणि जहाज कंपनी. रेफ्रिजरेशन यंत्र सलग २४ तास बंद पडलं तरच भरपाई, अशी अट शीतमालाच्या बऱ्याच पॉलिसींत असते. म्हणजे तापमान चढलं एवढं पुरत नाही, सलग किती वेळ चढलं होतं हे दाखवावं लागतं. नोंदीत मध्येच सहा तासांची फट असेल तर दावा तिथेच कमजोर होतो. डिझाइनसाठी पक्कं ठरलं की नोंद दर १५ मिनिटांनी, आणि एकही नोंद गायब झाली तर ते अहवालात दिसलंच पाहिजे.

कंटेनरच्या कंट्रोलरमध्ये स्वतःच्या नोंदी असतात, पण त्या जहाज कंपनीच्या ताब्यात, आणि दावा तिच्यावरच असतो. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून ३ दिवसांत द्यावी, असा सागरी वाहतुकीचा जुना नियम आहे. आपला अहवाल चौथ्या दिवशी तयार होणार असेल तर उपयोग निम्मा. लक्ष्य २४ तास.

विमा कंपनी स्वतः गिऱ्हाईक होईल का? हप्त्यात सवलत द्यायला तिला आधी काही हंगामांचा डेटा लागतो. पहिल्या वर्षी तिच्या दारात बसणं वेळ घालवणं आहे. विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला मात्र अहवालाचा नमुना जरूर दाखवावा. तो पैसे देत नाही, पण कुठला कागद चालतो ते त्याच्याइतकं कुणी सांगत नाही.

२१ ऑक्टोबर

खासगी साखळीचा घाट घातला होता: हायपरलेजर फॅब्रिक या सॉफ्टवेअरवर निर्यातदार, आयातदार आणि आम्ही, प्रत्येकाचा एक नोड (नोंदींची प्रत ठेवणारा संगणक). आराखडा कागदावरच मोडला. निर्यातदाराच्या ऑफिसात अकाउंट्सचा एक संगणक असतो, सर्व्हर सांभाळणारा माणूस नसतो. आयातदार दहा देशांतून माल घेतो, प्रत्येक पुरवठादारासाठी वेगळा नोड तो का चालवील? शेवटी सगळे नोड आमच्याच क्लाउडवर येणार. मग तो आमचा डेटाबेसच झाला, फक्त सांभाळायला दसपट अवघड.

मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स हे मालवाहतुकीचं ब्लॉकचेन व्यासपीठ २०१८ मध्ये जाहीर झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं त्यांनीच सांगितलं. सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही, हे कारण त्यांनी दिलं. एका पक्षाच्या मंचावर दुसऱ्याने येऊन बसावं, ही अपेक्षाच धरायची नाही. गिऱ्हाइकाने कुठेही ‘सामील’ व्हायला नको, हा नियम पाटीवर लिहिला.

४ नोव्हेंबर

फॅब्रिकवर दोन आठवडे गेले, आता उलट टोकाने सुरुवात. नोंदी आमच्याकडेच राहतील. दिवसभराच्या सगळ्या कंटेनरच्या नोंदींचं एक मर्कल झाड (नोंदींचे हॅश जोडी-जोडीने एकत्र करत एकाच हॅशपर्यंत नेणारी रचना; हॅश म्हणजे नोंदीवरून काढलेला ठसा, नोंद जराही बदलली की तोही बदलतो), त्याचा ३२ बाइटचा मूळ हॅश, आणि तेवढाच ओपनटाइमस्टॅम्प्स या वेळमुद्रा सेवेमार्फत बिटकॉइनच्या साखळीत. खर्च जवळजवळ शून्य, कारण त्यांचे कॅलेंडर सर्व्हर अनेकांचे हॅश एकत्र बांधतात. पक्कं व्हायला काही तास लागतात, आपल्याला घाई नाही. प्रत्येक नोंद साखळीवर चढवायची काही गरज नाही.

ही पद्धत घेण्यामागे गिऱ्हाइकाचं कारण आहे. निर्यातदाराला टोकन, वॉलेट काहीही घ्यावं लागता कामा नये. आभासी मालमत्तेवर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. वॉलेटचं नाव काढलं की त्याचा सीए नको म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

नेमका उपयोग कुठे, तेही इथे स्पष्ट झालं. आयातदार विचारतो, “तुम्हाला पैसे निर्यातदार देतो, मग तुमचा अहवाल मी का मानू?” साखळी त्या प्रश्नाचं उत्तर आहे. निर्यातदार आणि आयातदार यांच्यातला अविश्वास तिने मिटत नाही. सेवा देणारा नोंद मागाहून फिरवू शकत नाही, एवढंच ती सिद्ध करते. विकताना याहून जास्त बोलायचं नाही.

१८ नोव्हेंबर

हॅश जुळत नाहीत. तीच नोंद सर्व्हरवर एक हॅश देते आणि पडताळणीच्या पानावर दुसरा. कारण नोंद जेसन या मजकूर स्वरूपात होती. एकीकडे -०.५, दुसरीकडे -०.५०, आणि रकान्यांचा क्रमही वेगळा. माणसाला सारखंच दिसतं, हॅशला नाही. इलाज: ठरावीक लांबीची १६ बाइटची बायनरी नोंद, तापमान अंशाच्या शंभराव्या भागात पूर्णांक म्हणून, वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सेकंदांत. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीच्या हॅशचा तुकडा. हे काम पहिल्या दिवशी करावं, नंतर केलं की जुने सगळे नमुने फेकावे लागतात.

२ डिसेंबर

हार्डवेअर. पहिल्या आराखड्यात ईएसपी-३२ ही नियंत्रक चिप, ४जी मोडेम आणि साधा लिथियम-आयन सेल होता. तिन्ही बदलावे लागले.

मोडेम: कंटेनर म्हणजे धातूची बंद पेटी. आत सिग्नल नाही, समुद्रात तर नाहीच. मोडेम शोधत बसतो आणि बॅटरी खातो. थंडीत सेलचा व्होल्टेज पडतो, मोडेमने झटक्यात करंट ओढला की बोर्ड रीसेट होतो.

घड्याळ: ईएसपी-३२ झोपेत असताना वेळ मोजायला आतला आरसी ऑसिलेटर (ठोके देणारं साधं सर्किट) वापरतो आणि तो तापमानाबरोबर सरकतो. शीतखोलीतल्या चाचणीत वेळ इतकी सरकली की नोंदींचा क्रम लावणं अवघड झालं. त्यातच रीसेट झाला की वेळ शून्यावर. चुकीच्या वेळेची नोंद डिजिटल सही करून जपणं हे नोंद नसण्याहून वाईट.

आताचा संच: एनआरएफ-५२ ब्लूटूथ मॉड्यूल साधारण ₹४५०, टीएमपी-११७ सेन्सर ₹२५०, डीएस-३२३१ घड्याळ ₹१२०, सहीसाठी एटीईसीसी-६०८ चिप ₹९०, फ्लॅश ₹६०, न भरणारे दोन लिथियम एए सेल ₹४००, बोर्ड आणि जोडणी ₹२००, डबी आणि प्रोबची वायर ₹१८०. एकूण ₹१,७५०. खरेदी छोटी आहे, मोठ्या संख्येत उतरेल. सेलचा यूएन ३८.३ (लिथियम सेलच्या वाहतूक-सुरक्षेचा) चाचणी अहवाल विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावा, ऐन लोडिंगला कागद सापडत नाही.

डीएस-१८बी-२० हा स्वस्त सेन्सर का नाही? त्याची चूक अर्धा अंश. ठेवायचं तापमानच उणे अर्धा असताना त्याच्या जोरावर कुणाशी वाद घालता येत नाही.

१६ डिसेंबर

एटीईसीसी-६०८ बद्दल एक इशारा. चिपची मांडणी एकदा कुलूपबंद केली की उघडत नाही. चुकीच्या मांडणीवर कुलूप लागलेल्या चिपा कचऱ्यातच जातात. आधी एका चिपवर पूर्ण क्रम चालवावा, सही पडताळून पाहावी, मगच बाकीच्या.

आज सगळ्या प्रोब शून्यावर तपासल्या. मोठा थर्मास, शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून गच्च भरलेला, वर तेच पाणी फटी भरतील एवढंच. बर्फ तरंगून तळाला नुसतं पाणी राहिलं तर तिथलं तापमान शून्य नसतं, म्हणून जास्तीचं पाणी काढून पुन्हा बर्फ दाबायचा. प्रोब मधोमध, काचेला टेकू द्यायची नाही. वीस मिनिटं थांबायचं, दर पाच मिनिटांनी हलवायचं. ०.१५ अंशापेक्षा जास्त फरक आला की ती प्रोब बाद. फरक, तारीख आणि यंत्राचा क्रमांक यांचीही सही केलेली नोंद करायची आणि तिचाही हॅश त्याच दिवशीच्या झाडात. हंगामानंतर कुणी विचारलं की यंत्र तेव्हा बरोबर होतं कशावरून, तर हे दाखवता आलं पाहिजे. लॉटमधली एक प्रोब प्रमाणपत्रासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत.

२० जानेवारी २०२५

हंगाम सुरू. शीतखोलीत खोक्यांसोबत ठेवलेल्या पहिल्या बोर्डांवर काळपट थर आला. बुरशी लागू नये म्हणून खोक्यात ठेवलेल्या सल्फर पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, आत आर्द्रता नव्वदच्या वर, दोन्ही मिळून उघडा तांबा खातात. आर्द्रतेचा सेन्सर तर सर्वांत आधी बिघडला. तो काढून टाकला, बोर्डावर संरक्षक लेप, वायरच्या जोडावर इपॉक्सी.

जागा: यंत्र पॅलेटच्या मध्यात ठेवलं तर ब्लूटूथ बाहेर येत नाही, द्राक्षातलं पाणी सिग्नल पितं. डबी पॅलेटच्या बाहेरच्या अंगाला, प्रोब वायरने आत, एका मण्यात खुपसलेली. दोन यंत्रं: एक दाराशेजारच्या पॅलेटवर, एक आतल्या टोकाला. दाराजवळची बाजू आधी गरम होते. डबी, पॅलेटचा क्रमांक आणि कंटेनरच्या दाराचं बोल्ट सील एकाच फोटोत घ्यायचं, फोटोचा हॅश नोंदीत. सेन्सर कुठे होता हे साखळी सांगत नाही, ते फोटोनेच सांगावं लागतं.

ट्रकमध्ये जास्त तापमानाचा एसएमएस जायचा होता, गेला नाही. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी मंचावर मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या मजकुरात कंटेनर क्रमांकाची बदलती जागा मंजूर साच्याशी जुळत नव्हती. साचा दुरुस्त करून मंजुरीत आठवडा गेला. हे काम दिवाळीआधी उरकून टाकावं.

१७ फेब्रुवारी

आज तंत्राचं नाही, भीतीचं. निर्यातदाराचा सरळ प्रश्न: “नोंद माझ्याच विरोधात गेली तर?”

जाऊ शकते. एका लोडिंगमध्ये गराचं तापमान ७ अंश असतानाच माल कंटेनरमध्ये चढला. कंटेनरचं यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, गरम माल थंड करायला त्याची ताकद नाही. पुढचे कित्येक दिवस आलेख हळूहळू उतरत राहिला. अशा अहवालावर दावा हरणारच.

म्हणून गिऱ्हाईक आता तीन भागांत दिसतं. दुसऱ्याचं पॅकहाऊस भाड्याने घेऊन चार-दोन कंटेनर पाठवणारा व्यापारी: नोंद नको म्हणतो, त्याच्यामागे लागू नये. अगदी मोठी निर्यात कंपनी: स्वतःची यंत्रणा, परदेशात स्वतःची माणसं, तिला आपली गरज कमी. मधला, स्वतःचं प्रीकूलिंग असलेला, वेगवेगळ्या आयातदारांना माल देणारा आणि आधी क्लेममध्ये पैसे गेलेला: तो पैसे देतो. त्याचं काम चोख असतं आणि ते सिद्ध करायला त्याच्याकडे कागद नसतो.

यादीत नसलेलाही एक जण सापडला, भाड्याने प्रीकूलिंग देणारा शीतगृहवाला. पुढे माल खराब झाला की बोट त्याच्याकडे जातं. ‘माझ्या दारातून माल या तापमानाला गेला’ एवढी एकच, दोघांच्या सहीची नोंद त्याला हवी असते. यंत्र त्याच्याकडेच राहतं, परत आणायचा खर्च नाही, वायफाय आहे. महिन्याच्या भाड्यावर तो सगळ्यात आधी तयार झाला. सुरुवात करणाऱ्याने याच्यापासूनच करावी, कंटेनर दुसऱ्या वर्षी.

१० मार्च

अहवालाचा कागद बदलला. आधी त्यावर हॅश, झाड, व्यवहार क्रमांक ठळक होते, आलेख खाली. आता पहिल्या पानावर कंटेनर, सील, दोन आलेख, मर्यादेबाहेरचा सलग सर्वांत मोठा काळ आणि गायब नोंदींची संख्या. ब्लॉकचेन शेवटच्या पानावर, क्यूआर कोड आणि पडताळणीच्या चार पायऱ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश आणि त्याची पद्धत लिहावी लागते. ते रकाने भरता येतील अशी फाइल अहवालासोबत देतो. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, तो आपण भरून देऊ नये. वकिलाला सगळ्यात जास्त रस याच पानात होता.

दर: कंटेनरमागे दोन यंत्रांसह ₹६,०००. यंत्र परत मागवत नाही, रॉटरडॅमहून परत आणण्याचा खर्च आणि कस्टमचे कागद यंत्रापेक्षा महाग पडतात. शीतगृहाला एका खोलीमागे महिना ₹१,८००, हंगामाबाहेर निम्मे.

७ एप्रिल

उरलेली खरी फट: जहाजावर असताना साखळीवर काहीच चढत नाही. त्या काळात भिस्त चिपच्या सहीवर, न उलटणाऱ्या काउंटरवर आणि लोडिंगच्या दिवशी चढवलेल्या पहिल्या हॅशवर. आयातदाराने फोनवर यंत्र वाचलंच नाही तर पुढे काही नाही. हे अहवालातच छापलं आहे.

त्यासाठी विक्री करारात घालायचं कलम निर्यातदाराला तयार करून दिलं: दार उघडल्यापासून १२ तासांत दोन्ही यंत्रं वाचायची, वाचली नाहीत तर तापमानाच्या कारणावरून क्लेम करता येणार नाही, अहवाल दोघांनाही एकाच वेळी मिळेल. शेवटची अट आयातदारांना पटते, पहिल्या दोन्हींवर घासाघीस होते. १२ चे २४ तास करायला हरकत नाही, दुसरी अट सोडू नये. कलम करारात नसेल तर त्या कंटेनरसाठी यंत्र विकायचं नाही, असं ठरवलं आहे.

पुढच्या हंगामाआधीची कामं: लेप दिलेले बोर्ड दमट शीतखोलीत पूर्ण महिना सल्फर पॅडसोबत ठेवून पाहणं, आयातदाराच्या गोदामातल्या माणसासाठी डच आणि पोलिश भाषेत वाचनाची एक पानी सूचना, आणि डीएलटीचे साचे ऑक्टोबरपूर्वी मंजूर करून घेणं.